पेटीतलं बाक

कुवेतमधल्या अम्गराच्या त्या शेडमध्ये शिरलं की आधी लाकडाचा वास यायचा, मग गणपत मेस्त्री दिसायचा. बाहेर नजर जाईल तिथवर भंगार. लढाईत जळलेल्या गाड्यांचे सांगाडे, चेपलेले पाण्याचे टँकर, विटांचे ढीग. उन्हाच्या झळांत ते सगळं तळ्याच्या तळाशी पडल्यासारखं हलत राही. आणि त्याच्या मधोमध, एका पत्र्याच्या छपराखाली, हा माणूस पाइनच्या फळीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून, ती सरळ आहे का ते बघत असे. किती वेळ बघे त्याला सुमार नाही. बघणाऱ्याला वाटावं, फळीवरच डोळा लागला बुवा ह्याचा.

झोप नव्हती ती, पण झोपेच्या शेजारघरचंच काहीतरी होतं. हात कामात आणि मन कुठल्या कुठे, अशी त्याची लहानपणापासूनची तऱ्हा.

गणपत संगमेश्वराकडचा सुतार. त्र्याण्णव साली कंत्राटावर कुवेतला आला, तेव्हा पस्तिशीच्या अलीकडे होता. मागे घरी बायको दर्शना, आई गंगूबाई, आणि दारचा एक फणस. पत्रात तो फणसाची चौकशी आईच्या आधी करायचा. दर्शनाने एकदा लिहिलं होतं, फणस मजेत आहे आणि तुमची वाट बघतो, आम्हाला मात्र सवड नाही. ते पत्र त्याने खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं आणि स्वतःच सगळ्यात जास्त हसला.

काम पेट्या करायचं. गरीब देशांना मदत पाठवणारी एक समिती होती. ती समुद्रापलीकडच्या गावांना हातपंप धाडायची, आणि पंप ज्या पेट्यांतून जात त्या गणपत करायचा. शेडचा मालक महिन्यातून एकदा गाडीतून उतरल्यासारखं करून परत जाई. रोजचं सगळं रियाज बघायचा. रियाज हर्णैचा. माल लावून देणं, बंदरावरची हुज्जत, अरबीतली पत्रं, सगळं त्याच्या गळ्यात. लहानपणी मदरशात गिरवलेलं त्याचं अक्षर इतकं देखणं की मालक ते पाहुण्यांना दाखवी. रियाज गणपतला मेस्त्री म्हणे आणि गणपत त्याला रियाजभाय. एका जिल्ह्याची दोन माणसं परमुलखात जेवढी सख्खी होतात, तेवढी ती झाली होती.

गणपतच्या बापाचं सांगणं होतं, की पाय बघितल्याशिवाय कोणी वहाण शिवत नाही, तशी वस्तू हातात घेतल्याशिवाय तिची पेटी करू नये. म्हणून नवा पंप आला की गणपत आधी तो मांडीवर घेऊन बसायचा. कुठे जड, कुठे नाजूक, कुठे हात लागला तर दुखेल, ते बघायचा. मग जाड लाकडाचे दोन ठोकळे घेऊन प्रत्येकाला वरून अर्धचंद्रासारखी खोबण पाडायचा. ते पेटीच्या तळाशी बसवले की पंप त्यांत निजल्यासारखा राही. सगळं झालं की झाकणावर पत्र्याचा साचा ठेवून काळ्या रंगाने अरबी अक्षरं उमटवायची. तेही काम त्याच्याचकडे. अक्षरं वाचता येत नसत, पण त्यांची वळणं त्याला आवडत. वेली काढल्यासारखी तो ती काढी.

शहाण्णव साली अहमद ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला. काठीसारखा उंच, हसला की अर्धं तोंड दात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरगावचा. देशाचं नाव तो सहसा घेत नसे. म्हणे, नाव घेतलं की लोक विचारतात, सध्या राज्य कोणाचं. आणि सकाळचा रेडिओ ऐकल्याशिवाय मला ते सांगता येत नाही. गणपतला तो नज्जार म्हणायचा, म्हणजे सुतारच. दोघांची बोली अर्धी हिंदी, अर्धी अरबी आणि उरलेली हातांची.

अहमदनेच एकदा सहज सांगितलं, की त्याच्याकडे झाडं उरलेली नाहीत, त्यामुळे पंपाइतकंच मोल पेटीच्या लाकडाला आहे. पेट्या फोडून लोक दारं करतात, कोंबड्यांची खुराडी करतात. शाळा आहे, पण पोरं जमिनीवर बसतात, आणि जमिनीत विंचू.

गणपतच्या मनाला ते लागून राहिलं. आठवडाभर तो फळ्यांकडे नुसता बघत बसला. रियाजने दोनदा विचारलं, मेस्त्री, फळीला नजर लावतोस काय? आठव्या दिवशी त्याने एक पेटी केली, ती वेगळीच होती. झाकणाच्या रुंद फळीला चार खाचा, आणि तळच्या ठोकळ्यांना त्याच मापाच्या कुसा, म्हणजे खाचेत बसणारी टोकं. पेटी उघडायची, ठोकळे उलटे करायचे, म्हणजे खोबणीच्या दोन बाजू दोन पाय होतात. कुसा खाचांत बसवायच्या, पाचरी मारायच्या. झालं बाक. खिळा लागत नाही, हातोडी नसली तर दगड चालतो. लिहून कळवायला भाषा नव्हती, म्हणून झाकणाच्या आतल्या अंगाला त्याने सुतारी पेन्सिलीने चार चित्रं काढली. चौथ्या चित्रात बाकावर एक मूल बसलेलं, पाय लोंबकळत.

त्यानंतरची प्रत्येक पेटी तशीच. रियाजने कपाळाला हात लावला, पण लाकूड तेवढंच लागत होतं, म्हणून चालवून घेतलं. गणपतच्या मनात मात्र एक शाळाच उभी राहत गेली. रंधा मारताना ती त्याला दिसायची. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, खिडकीतून समुद्र, आणि बाकावरची पोरं एका सुरात काहीतरी घोकतायत. भाषा त्याला कळायची नाही, पण सूर ओळखीचा वाटायचा. वाऱ्याने पत्रे वाजले तरी त्याला ती सुटीची घंटा वाटे.

दुपारच्या सुटीत लाकडाच्या थप्पीवर बसून दोघं खुबूस रोटी आणि डाळ खात, तेव्हा अहमद त्याच्या देशाच्या गोष्टी सांगायचा. त्याचा बाप बंदराच्या जकातघरात तोलदार. जहाजातून माल उतरला की तो काट्यावर चढवायचा, वजन सांगायचं, त्यावर जकात. पूर्वी दिवसभर काटा हलायचा. मग व्यापाऱ्यांनी जकात चुकवायच्या वाटा काढल्या. तुमच्याकडे कर कोण भरतं, असं गणपतने विचारलं तेव्हा अहमद म्हणाला, "ज्याची बहीण मंत्र्याच्या घरात दिलेली नाही, तो."

सरकारकडे पैसा येईना, म्हणून मास्तरांचा, शिपायांचा पगार थांबला. शिपाई बंदुका घेऊन रस्त्यावर उतरले. राज्य पडलं, दुसरं आलं, तेही पडलं. जकातघरावर झेंडे बदलत गेले. बाप जुने झेंडे टाकत नसे, घड्या घालून कपाटात ठेवी, कारण कुठला परत लागेल सांगता येत नाही. मग बाहेरून फुकट धान्याची पोती आली, तेव्हा गावच्या शेतकऱ्याची ज्वारी कोण घेणार? त्याने पेरायचं सोडलं. पुढच्या साली तोही पोत्यासाठी रांगेत.

"घरजावयाचा तसाच होता," गणपत म्हणाला. "दोन वरसा बसून खाल्लान, की नांगर धरायचा हात जातो."

अहमदला घरजावई म्हणजे काय ते समजवायला अर्धी सुटी गेली. समजल्यावर तो इतका हसला की डाळ सांडली.

नव्व्याण्णवच्या थंडीत बापाची कॅसेट आली. त्या लोकांत पत्रापेक्षा कॅसेटची चाल. कोणी खलाशी इकडे येणारा मिळाला की त्याच्याजवळ आवाज पाठवायचा. ट्रकमध्ये बसून दोघांनी ती ऐकली. आधी वारा, मग बकरीचं ओरडणं, मग एक खोल, सावकाश आवाज. गणपतला शब्द एकही कळला नाही, तरी तो डोळे मिटून ऐकत राहिला. अहमद मधेमधे सांगत होता. आई बरी आहे. धाकटीला मुलगी झाली. आणि एक गंमत, बाप म्हणत होता: जकातघरात एक बाक आलंय. पंपाच्या पेटीतून निघालेलं, बिनखिळ्याचं. कोण्या शहाण्याने केलंय देव जाणे. पूर्वी मी उभा असायचो. आता त्या बाकावर बसतो. बसायलाच वेळ आहे, काटा हलतोच कुठे?

गणपतने ती जागा पुन्हा लावायला लावली. शाळेतलं नसलं म्हणून काय झालं, त्याचं एक बाक खरोखर तिथे होतं, आणि त्यावर बसणाऱ्या माणसाचा आवाज त्याने ऐकला होता. त्या दिवशी त्याने दर्शनाला फणसाबद्दल काही न विचारता पत्र लिहिलं.

दोन हजार साली मार्चमध्ये रियाजने एक कागद आणून दिला. चाळीस पेट्या, माप वेगळं, अक्षरं तीच. वस्तू कुठे आहे, असं गणपतने विचारलं, तर कळलं, ती परस्पर दुसऱ्या गोदामात भरणार आहेत. गणपत अडला. रियाज म्हणाला, मालकाची घाई आहे, मापावरून कर. आयुष्यात पहिल्यांदा गणपतने न बघितलेल्या वस्तूची पेटी करायला घेतली, आणि तिथेच चुकला. कागदावर तळाच्या ठोकळ्यांचं नाव नव्हतं. त्याला वाटलं, लिहायचे राहिले असतील. अक्षरं मदतीची आहेत, म्हणजे पंपच असणार, जरा जाडा. आणि ठोकळे नसले तर बाकाला पाय कुठून येणार? त्याने चाळीसही पेट्यांत खोबणीचे ठोकळे घातले. चाळीस मुलं काढली, पाय लोंबकळणारी.

पेट्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीने आभाळ पिवळं झालं होतं. अहमदचा ट्रक आत आला. त्याने मागची फळी पाडली आणि ठोकळे खाली लोटले. पहारीने उपटलेले, कुसा मोडलेल्या. पाठोपाठ चाळीस रिकाम्या पेट्या.

गोदामात खिडकीत बसवायचे एसी होते. चौकोनी खोकी. ती ठोकळ्यांवर बसेनात, म्हणून तिथल्या हमालांनी ठोकळे उपटायला घेतले, तर तळच फाटले. नव्या पेट्या पाहिजेत, साध्या, असा निरोप होता.

गणपत एक ठोकळा हातात घेऊन बसला. एसी गरिबांना कशाला, असं त्याने विचारलं. अहमद त्याच्याजवळ जमिनीवर बसला आणि समजावू लागला, पोराला समजवावं तसं. हे व्यापाऱ्यांचे. माझ्याच बंदरात उतरणार, बाजारात विकले जाणार. पण झाकणावर तू जी अक्षरं काढतोस ना, ती असली की पेटी उघडायची नाही, तोलायची नाही, असा कायदा आहे. मदतीवर जकात नसते.

"माझा बाप तुझ्या बाकावर बसून असतो," अहमद म्हणाला, "आणि तुझ्या अक्षरांच्या पेट्या त्याच्या समोरून जातात."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो नुसता सांगत होता. वर असंही म्हणाला, की तू वेडेपणा करू नकोस. तू नाही काढलीस तर दुसरा काढील. तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, ह्या मालकाच्या हातात आहे आणि माझाही.

त्या दिवशी गणपतने शाळा बघायचा प्रयत्न केला, पण ती दिसेना. चुन्याच्या भिंती आल्या, समुद्र आला, पण आत पोरांऐवजी एक म्हातारा हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि त्याच्यासमोरून पेट्या तरंगत चाललेल्या, एकामागून एक, हलक्या, पाण्यावरच्या पानांसारख्या. म्हातारा वाकून बघायचा आणि त्यावरची वेलबुट्टी बघून मान खाली घालायचा.

साध्या पेट्या त्याने तीन दिवसांत केल्या. लाकूड कापणं हा त्याचा धंदा होता, त्याला तो नाही म्हणाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी रियाज बघायला आला, तर चाळीस पेट्या भिंतीशी ओळीने, झाकणं कोरी. साचा, ब्रश आणि रंगाचा डबा मधल्या टेबलावर मांडून ठेवलेला.

"अक्षरं राहिली, मेस्त्री."

"व्हय. काय लिवलाय त्यात, ता जरा वाचून दाकवा."

रियाजने त्याच्याकडे बघितलं. सात वर्षांत ह्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. मग त्याने साचा उजेडात धरला आणि तोंडातल्या तोंडात वाचलं. "गरिबांसाठी दान. विकू नये."

"मना वाचता येत नाय, म्हणून माज्याकडनं लिवून घेतलात. ता चालला. आता मना कळला." गणपतने ब्रश उचलून त्याच्यापुढे धरला. "तुमाला वाचता येता, रियाजभाय. तुमी लिवा."

रियाज चिडला. बरंच बोलला. मालकाने काढून टाकलं तर संगमेश्वराला जाऊन फणस मोजत बसशील, म्हणाला. माझी पोरं इथल्या शाळेत आहेत, मी काय करू, म्हणाला. सगळे व्यापारी हेच करतात, आपण दोघं कोण लागून गेलो, म्हणाला. गणपत फळीवरची धूळ हाताने पुसत होता.

मग रियाजने ब्रश घेतला. साचा न लावताच पहिल्या पेटीपुढे उकिडवा बसला आणि आपल्या त्या देखण्या अक्षरात पहिला शब्द लिहिला. लिहिला आणि थांबला. ह्याच वळणाने मदरशात पाटीवर काय काय गिरवलं होतं, ते त्याला आठवलं असेल किंवा नसेल. तो कधी बोलला नाही. रंग ओघळायला लागला. त्याने रॉकेलच्या फडक्याने तो शब्द पुसला, दोनदा, तीनदा, लाकडावर नुसता राखाडी डाग राहीपर्यंत.

"कोऱ्याच जाऊ दे," तो म्हणाला. "जहाज आज सुटतंय. मालकाने विचारलं तर?"

"मेस्त्री इसरला म्हणून सांगा. ता काम माजाच होता."

मालकाने विचारलंच. महिनाभराने, पलीकडून व्यापाऱ्याचा फोन आल्यावर. गणपतला त्याच दिवशी परत धाडायचं निघालं होतं. रियाजने आठवडाभर मालकाच्या दारात बसून रिलीज मिळवला, म्हणजे दुसरीकडे काम धरायची परवानगी, आणि स्वतःच्या गाडीतून गणपतला मीना अब्दुल्लाला नेऊन सोडलं. तिथे रिफायनरीच्या कामावरचा एक कंत्राटदार त्याच्या ओळखीचा होता. वाटेत एगैलाला त्यांनी चहा घेतला. मग रियाज म्हणाला, की पुढचा माल दुसऱ्या शेडमधून गेला, अक्षरांसकट. तिथल्या सुतारालाही वाचता येत नाही. गणपतने मान हलवली. त्याला ते ठाऊकच होतं.

मीना अब्दुल्लाचं काम सुतारकाम म्हणायचं एवढंच. उंचावर उभं राहायच्या फळ्या कापायच्या, बांधायच्या, सोडायच्या. लाकडाला वास नव्हता, सगळा तेलाचाच. पण कँपच्या मागे समुद्र होता, आणि संध्याकाळी पाणी आणि आभाळ एकच होऊन जहाजं अधांतरी टांगल्यासारखी दिसत. गणपत तिथे तासन् तास उभा राही. बरोबरची पोरं म्हणत, मेस्त्रींना आता जहाज सरळ आहे का बघायचं असतं.

जूनमध्ये एका शुक्रवारी अहमदचा फोन आला, कँपच्या ऑफिसातल्या फोनवर. बापाशी बोलणं झालं होतं. त्या चाळीस पेट्या बंदरावर उतरल्या तेव्हा त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही, हे बघून म्हाताऱ्याला आधी खरंच वाटलं नाही. त्याने प्रत्येक पेटीला फेरी मारली, सगळ्या बाजू बघितल्या. मग गंजलेल्या काट्याला तेल घातलं आणि एकेक पेटी चढवली. दिवस मावळेपर्यंत तोलत होता. व्यापाऱ्याची माणसं आली, ओरडली, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो वजन सांगत राहिला, मोठ्याने, पूर्वीसारखं. त्यातून आलेल्या पैशांत जकातघरातल्या चौघांना पगार मिळाला, एका महिन्याचा. त्यानंतर पुन्हा सगळ्या पेट्यांवर अक्षरं.

"मग तुजा बापूस काय म्हनतो?" गणपतने विचारलं. विचारताना मराठीतच विचारलं, पण अहमदला समजलं.

अहमद हसत होता. म्हणाला, "बाप म्हणतो, दोन वर्षांनी कोणीतरी मला शिव्या दिल्या, नज्जार. रात्री जेवण किती गोड लागलं."